चार नंबरवरची खरखर

द्वारकेला, पुलाच्या सावलीत, मुनाफभाईचं दुकान.
बॉनेट वर करून त्यानं टर्मिनलवरची हिरवट बुरशी नखानं खरवडली.
धुगधुगी आहे, म्हणाला, पण उद्या सकाळची खात्री नाही.
मी म्हटलं, बदला. फक्त रेडिओ...
रेडिओला काय झालं?
काही नाही. होऊ द्यायचं नाहीये.

गाडी कागदावर माझी.
आरसी बुकात माझ्याआधी दुसाने, जेलरोड,
नोट प्रेसमधून रिटायर.
आयुष्यभर कोऱ्या थप्प्या हाताळलेल्या माणसानं
माझे पैसे मात्र दोनदा मोजले, थुंकी लावून,
आणि किल्ली देताना एवढंच बोलले:
दुसऱ्या गिअरला जरा समजून घ्या.

रेडिओबद्दल काहीच नाही.
सहा बटणं त्यांनीच लावलेली.
एकवर आकाशवाणी,
दोन-तीनवर जाहिराती आणि जाहिरातींवर हसणारी मुलं,
पाच-सहावर पुन्हा आकाशवाणी,
बोट चुकलं तरी घरीच पोचावं म्हणून असेल.
आणि चारवर खरखर.
कुणीतरी आत बसून तांदूळ पाखडतंय अशी, सलग.

आवाज सगळा डावीकडं सरकवलेला.
त्यांचा उजवा कान गेला होता,
की डावीकडं कुणी बसायचं?
घड्याळ सात मिनिटं पुढं.
मी काही बदललं नाही. आधी आळस होता तो.

मग एकदा पेठच्या पुढं, धरमपूरच्या रस्त्यावर,
मागच्या सीटवर शिबिराचे दोनशे चष्मे खुळखुळत असताना
एका वळणावर चार नंबर बोलला.
गुजराती बाई. भेंडीला पाणी कधी द्यायचं ते सांगत होती,
घाई नसलेल्या आवाजात.
पुढच्या वळणाला पुन्हा तांदूळ.
इतक्या लांब, या रस्त्यानं, दुसाने कशाला जायचे?
फोन करून विचारता आलं असतं.
नंबर आहे अजून. विचारलं नाही.

नवा टाका ना ताई, ब्लूटूथवाला, मुनाफभाई म्हणाला.
मग माझ्याकडं बघून गप्प झाला
आणि कोपऱ्यातून स्कूटीची छोटी बॅटरी घेऊन आला.
किल्ली काढा. दारं सगळी लावा,
आतला दिवा लागला तर ही बिचारी पुरायची नाही.
लाल चिमटा लाल वायरीच्या क्लॅम्पला,
काळा इंजिनच्या उघड्या लोखंडाला.
मगच पान्हा. आधी काळी बाजू, मग लाल,
आणि लाल तोंड सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेलं,
कारण आता ते जिवंत होतं.
कुठं टेकलं तर ठिणगी आणि सगळं साफ.

जुनी बॅटरी उचलली तेव्हा खाली रिकामा चौकोन,
त्यात द्राक्षाचं एक वाळकं पान.
दोन बारीक वायरींवर
दुसान्यांची सात मिनिटं लटकून राहिली.
चहावाला पोरगा आला, दाराच्या हँडलला हात घातला,
ग्लास कुठं ठेवू?
आम्ही दोघं एकदम ओरडलो.
त्याच्या बशीत चहा सांडला.

लाल आधी, काळी नंतर. चिमटे सुटले.
मी पाकिटातली विजेच्या बिलाची घडी काढली नाही,
तिच्या पाठीवर सगळे आकडे लिहून ठेवले होते,
चारचासुद्धा.

किल्ली फिरवली. घड्याळ पुढंच.
एक. दोन. चार.
मुनाफभाईनं खिडकीतून कान आत घातला,
बराच वेळ ऐकलं.
यात वाचवायचं काय होतं?
मला सांगता आलं नाही. वळण म्हटलं असतं तर हसला असता.
बॅटरीचे घेतले, जुनीचे वजा केले,
स्कूटीच्या बॅटरीचं काही लावलं नाही.
खरखरीचे कसले पैसे, म्हणाला.

मुंबई नाक्याच्या सिग्नलला काच खाली होती.
बाजूच्या मोटरसायकलवरच्या माणसानं हेल्मेट वर करून सांगितलं,
मॅडम, स्टेशन लागलं नाहीये.
हो, म्हटलं.
आणि दुसऱ्या गिअरला जरा समजून घेतलं.